पडद्यावरच्या खेळाने आम्हांस काय शिकविले

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘मुले आणि खेळ’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. हुतूतू, आट्यापाट्या, विटीदांडू यांचे गुणगान करून आम्ही मोबाइलवरच्या व संगणकावरच्या खेळांस चार खडे बोल सुनावू, अशी मंडळाची अपेक्षा असावी. काही वर्षांपूर्वी आम्ही तसेच केले असते. आज ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण मध्यंतरी आम्ही स्वतः ते खेळ खेळलो आहोत, आणि त्यांत पुष्कळदा हरलोही आहोत.

२०२० साली टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या आणि पुण्यास राहणारे आमचे चिरंजीव सहकुटुंब ओतूरच्या घरी आले. नातू तेव्हा सहावीत होता. सकाळी मोबाइलवर वर्ग आणि दुपारी संगणकावर खेळ, असा त्याचा क्रम होता. दिवाळीच्या सुमारास एके दिवशी आमचा संयम सुटला. आम्ही संगणकाची वायर काढून कपाटात कुलूपबंद केली. मुलगा दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “तो काय खेळतो ते एकदा बघा तरी. मग खुशाल रागवा.” चाळीस वर्षे शिक्षकाचा पेशा केलेल्या आम्हांस हे सुचू नये, याची लाज वाटली. कुलूप काढून आम्ही नातवाच्या शेजारी जाऊन बसलो.

त्या खेळाचे नाव ‘राजी’. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तो तयार केला असून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो संगणकासाठी उपलब्ध झाला होता. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ राजी नावाची मुलगी निघते आणि देवतांच्या कृपेने त्या असुरांशी झुंजते, असे त्याचे कथानक. आमच्या हाती सूत्रे येताच पहिल्याच मिनिटात राजी धारातीर्थी पडली. आम्ही ओशाळलो. नातू मात्र सहज म्हणाला, “आजोबा, त्यात काय? पुन्हा सुरू होतं. तो असुर वार करण्याआधी जरा थांबतो, ते बघा. तेव्हा बाजूला सरका.” त्या संध्याकाळी आम्ही अकरा वेळा हरलो, बाराव्या वेळी पार झालो.

आम्हांस नवल वाटले ते खेळाचे नव्हे, मुलाचे. गणिताच्या पेपरातील चुका दप्तराच्या तळाशी लपविणारा हाच मुलगा येथे आपली प्रत्येक हार उलगडून पाहात होता. चूक कोठे झाली, कोणत्या क्षणी झाली, हे तो आनंदाने सांगत होता. असे का व्हावे? पेपरावरील लाल खुणेबरोबर आम्ही रागावणे जोडून दिले होते. खेळातील हार मात्र इतकेच सांगत होती की, हा मार्ग चुकला, दुसरा शोध. आम्ही आयुष्यभर उत्तरांस गुण दिले. पुन्हा केलेल्या प्रयत्नास कधी अर्धा गुणही दिला नाही, हे त्या दिवशी आमच्या ध्यानी आले.

हा खेळ करणाऱ्यांची हकीकतही याच जातीची आहे. २०१७ साली त्यांनी खेळासाठी लोकवर्गणी जमविण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्यांनी काम सोडले नाही. तीन वर्षांनी खेळ पुरा झाला आणि २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याची निवड झाली. पारितोषिक दुसऱ्या खेळास गेले; परंतु पुण्यातील मंडळींचे नाव जगाच्या पंक्तीत लागले.

खेळातून शिकविणे ही काही परक्यांची युक्ती नव्हे. ज्याला आपण सापशिडी म्हणतो त्या खेळाचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. त्यात शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावे असत. ज्ञानेश्वर माउलींनी तो रचला अशी आपल्याकडील परंपरा आहे. आणि माउलींच्या रेड्याची समाधी तर आपल्याच तालुक्यात, आळे येथे आहे. मोक्षपटातील साप खेळणाऱ्यास खाली आणतो. पण पटाबाहेर काढीत नाही. पुढचे दान त्याच्यासाठी शिल्लक असते.

तथापि, प्रत्येक हार सारखी नसते, हेही मुलांस सांगितले पाहिजे. खेळात गेलेला प्राण परत मिळतो. आपल्या भागात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरण्यास जाणारा माणूस बॅटरी आणि काठी घेऊन, जमल्यास सोबती घेऊन निघतो. उसातला बिबट्या त्यास दुसरी संधी देईलच असे नाही. जेथे पुन्हा सुरुवात करता येते तेथे धाडस करावे, जेथे येत नाही तेथे सावध राहावे, हा विवेक खेळ देत नाही. तो घरानेच द्यावयाचा असतो.

आता जे सांगावयाचे ते सांगताना जीभ जड होते. आमच्या एका आप्ताचा मुलगा मोबाइलवर पैसे लावून खेळू लागला. प्रथम दोनशे रुपये जिंकला. मग दोन हजार गेले. ते भरून काढण्यासाठी आणखी लावले, तेही गेले. मार्चअखेर सोसायटीचे पीककर्ज भरण्याची वेळ आली, तेव्हा वर्षाच्या कांद्याची सारी पट्टी खात्यातून गेलेली आढळली. वडील हताश होऊन म्हणाले, “पहिले दोन हजार गेले तेव्हाच का नाही सांगितलंस?” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “सांगितलं असतं, तर ऐकून घेतलं असतं का, अण्णा?” त्या घरात त्या क्षणी आम्ही बसलो होतो. कोणापाशीही उत्तर नव्हते. आम्हांस आमचे कपाट आणि त्याचे कुलूप आठवले.

बंधूंनो, तो खेळ नव्हता, जुगार होता. खेळातील हार खेळातच राहते. जुगारातील हार घरात येते, चुलीपर्यंत येते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली. मग तो खेळ नशिबाचा असो वा कौशल्याचा. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे संगणकावरील स्पर्धात्मक खेळांना, मान्यताही दिली. खेळ आणि जुगार यांमधील रेषा कायद्याने आखली हे योग्यच झाले. परंतु दोन हजारांची हार सांगता न आल्यामुळे ती वर्षाच्या पिकाएवढी झाली, यावर कोणता कायदा उपाय करणार?

म्हणून सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ मुलाशेजारी बसा आणि त्याच्या खेळात त्याच्याकडून हरा. झोपेची व अभ्यासाची वेळ ठरवून द्या आणि ती आपणही पाळा. खेळात एक पैसाही लागता कामा नये, हे आधीच स्पष्ट सांगा. आणि मूल एखादी हार घेऊन आपल्यापुढे उभे राहील, मग ती परीक्षेतील असो, व्यवहारातील असो वा आणखी कशातील, तेव्हा प्रथम ऐकून घ्या. रागवावयाचे ते मागाहून रागवा.

त्या आप्ताचे कर्ज अजून फिटलेले नाही. हप्ते चालू आहेत. पण आता बापलेक कांदा घेऊन बाजारात बरोबर जातात आणि पट्टी दोघे मिळून वाचतात. आमचा नातू आता मोठा झाला आहे. गेल्या चाचणीत त्यास कमी गुण पडले, तेव्हा त्याने तो पेपर आपण होऊन आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, इथे चुकलं.” आमच्या मते त्या अकरा पराभवांची ही पुरेपूर कमाई होय.