बुडालेल्या जहाजातला तुकडा आणि आजीचा प्रश्न

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की नरखेडचा माणूस स्कूबा डायव्हिंग कसा काय करायला लागला? प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडं संत्र्याची बाग आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, पण समुद्र नाही. तर आज तीच गोष्ट सांगतो. आणि त्यात माझ्याकडून झालेली एक चूकही आहे, तीपण सांगतो.

आधी घरचं सांगायला लागेल. आमचं मूळ गाव मोवाड, नरखेड तालुक्यातलंच, वर्धा नदीच्या काठावर. 30 जुलै 1991 ला नदीला पूर आला आणि गाव वाहून गेलं. 204 माणसं गेली. त्यात आजीची धाकटी जाऊ होती. नंतर गाव दुसऱ्या जागी वसवलं, आमचं घर मात्र नरखेडला आलं. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे मी पूर पाहिला नाही, पण पुरातच वाढलो म्हणा ना. आमच्या घरात कोणालाच पोहता येत नाही. शाळेतली पोरं नदीवर जायची, मला परवानगी नव्हती. आजीचं एकच वाक्य असायचं, "पाण्याले हात जोडाचे बाप्पा, पाय नाही लावाचा."

बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली. सोसायटीत स्विमिंग पूल होता. सव्विसाव्या वर्षी, दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या बाजूला उभा राहून पोहायला शिकलो. लाज वाटली, पण शिकलो. मग गोव्यात जाऊन ओपन वॉटर कोर्स केला. घरी सांगितलं, ऑफिसची ट्रिप आहे.

तर गोव्यात ग्रँड आयलंड म्हणून एक बेट आहे, मुरगाव बंदराच्या बाहेर. तिथं पाण्याखाली एका जुन्या जहाजाचे अवशेष आहेत. डायव्हर लोक त्याला 'सुझीज रेक' म्हणतात. खोली फार नाही, साधारण बारा मीटरच्या आत. म्हणून नवीन लोकांनाही तिथं नेतात.

आता पाण्याखालचं गणित ऐका. दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. म्हणजे वर आपल्यावर एक, दहा मीटरवर दोन. कानात दुखायला लागतं, मग नाक दाबून हळूच हवा ढकलायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे श्वास कधीच रोखायचा नाही. कारण वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते, आणि श्वास रोखला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. माझा तर लहानपणापासूनचा समज उलटा. पाणी म्हणजे श्वास रोखणं!

अजून एक गंमत. इन्स्ट्रक्टरनं खुणेनं विचारलं, सगळं ठीक? मी सवयीनं अंगठा वर केला, व्हॉट्सॲपवर करतो तसा. तो लगेच मला घेऊन वर निघाला. पाण्यात अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' यासाठी अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. परत खाली गेलो.

आणि मग ते दिसलं. जहाज म्हटलं की आपल्या डोक्यात सिनेमातलं जहाज येतं, डोलकाठी वगैरे. तसं काही नाही. वाकलेले पत्रे, लोखंडी फासळ्या, त्यावर शेवाळ आणि शिंपले. पाणी हिरवट, चार-पाच मीटरच्या पुढचं दिसत नव्हतं. लाल रंग गायबच, कारण पाणी तो रंग आधी शोषून घेतं. पत्र्याच्या खाली एक मोठा मासा निवांत उभा होता, घरमालकासारखा. मला एकदम मोवाड आठवलं. म्हणजे आजीच्या सांगण्यातलं मोवाड. वाकलेल्या पत्र्यांचं, गाळातलं.

आता चूक. वाळूत तळहाताएवढा एक लोखंडी तुकडा पडला होता. इन्स्ट्रक्टरची पाठ होती. मी उचलला आणि जॅकेटच्या खिशात टाकला. वाटलं, एवढं मोठं जहाज, एका तुकड्यानं काय होतं?

दिवाळीला नरखेडला गेलो. तुकडा टेबलावर ठेवला आणि घरच्यांना खरं काय ते सांगून टाकलं. बाबा उठून बाहेर गेले. आई रडली. आजीनं तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "कोनाचा हाय हा?"

म्हटलं, "कोणाचा नाही आजी, बुडालेल्या जहाजातला आहे."

ती म्हणाली, "बुडालं म्हनून काय कोनाचंच नसते का रे?"

मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. पूर ओसरल्यावर गाळात भांडीकुंडी, पेट्या, काय काय पडलं होतं. लोक येऊन उचलून न्यायचे. काही महिन्यांनी दुसऱ्या गावात एका लग्नात तिला आपल्या जावेचा पितळी गुंड दिसला. त्यावर नाव कोरलेलं होतं. ती काही बोलली नाही. म्हणाली, "मांगून काय करू? वापरनारी तर गेली. पन त्याईनं एकदा तरी विचाराले पायजे होतं."

मी गप्प.

पुण्याला येऊन वाचायला बसलो. गोव्याजवळच सुंची रीफ म्हणून खडक आहे. तिथं दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. सेंट जॉर्ज रीफवरच्या दुसऱ्या एका जहाजात मातीच्या विटा-कौलं निघाली, बासेल मिशनच्या कारखान्यातली. तो कारखाना मंगळूरला 1865 मध्ये सुरू झाला, म्हणजे जहाज त्याच्या आधीचं असूच शकत नाही. बघा, एका कौलावरून तारखेचा अंदाज! पण कधी? ते कौल कुठं, कशाच्या शेजारी पडलं होतं हे माहीत असलं तर. कोणी उचलून शोकेसमध्ये ठेवलं की ते नुसतं कौल उरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा राहतो, पण टाइमस्टॅम्प आणि लोकेशन उडून जातं. म्हणूनच युनेस्कोच्या 2001 च्या करारात म्हटलंय, की पाण्याखालचा वारसा जिथं आहे तिथंच जपणं, हा पहिला पर्याय.

आणि माझा तुकडा? तो भुगा व्हायला लागला. समुद्रातल्या मिठातलं क्लोराइड लोखंडात मुरलेलं असतं. बाहेर काढून वाळवलं, हवा लागली, की गंज झपाट्यानं वाढतो आणि थर सुटायला लागतात. प्रयोगशाळेत अशा वस्तू महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे द्रावणात ठेवून मीठ काढतात. मी तो टिशू पेपरात गुंडाळून बॅगेत टाकला होता. पाण्यात इतकी वर्षं टिकलेली वस्तू माझ्याकडं तीन आठवडे टिकली नाही.

उरलेलं आता एका डब्यात आहे. पावसाळा संपला की गोव्याला जाईन तेव्हा डबा सोबत नेईन आणि डाइव्ह सेंटरवाल्यांना काय केलं ते तोंडानं सांगेन. त्यानं जहाजाचं काही परत येणार नाही, हे कळतं मला. ती जागा मी पुसली ती पुसलीच. पण विचारायला पाहिजे होतं, आणि तेवढं तरी करायचं राहिलंय.

तुम्ही कधी तारकर्लीला, गोव्याला, अंदमानला डायव्हिंगला गेलात तर जरूर बघा. फोटो काढा, मनसोक्त काढा. हात मात्र आपल्याजवळ ठेवा.

बाबा अजून या विषयावर बोलत नाहीत. आजीनं मात्र परवा फोनवर विचारलं, "तिथं खाली थंडी वाजते का रे?" म्हटलं, "नाही आजी, पाणी कोमट असते." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं हाय मंग."

चला, भेटू पुढच्या भागात.