नौकेतील गारवा आणि काठावरची वीज

नौका पाण्यात असते म्हणून ती आतूनही शीतल असणार, असा पुष्कळांचा समज असतो. वैशाखातल्या दुपारी कोचीच्या बंदरात किंवा वेंबनाड सरोवराच्या काठी बांधून ठेवलेल्या नौकेच्या खोलीत जो अर्धा तास बसेल, त्याचा हा समज टिकत नाही. वर तापलेले छत, भोवती दमट हवा आणि वाऱ्याला वाट अपुरी! म्हणूनच सहलीच्या नौकांवर आणि केरळातील हाउसबोटींवर वातानुकूलन यंत्रे आली. नौका पाण्यात फिरत असता या यंत्रांना जनित्र वीज पुरविते. ती धक्क्याला लागली, की जनित्राचा धूर व गोंगाट टाळण्यासाठी एक जाड केबल काठावरच्या खांबाला जोडली जाते. ही केबल म्हणजे जणू नौकेची नाळ. गारवा देणारे यंत्र रुसले, की दोष पुष्कळदा यंत्रात नसून या नाळेत असतो.

लक्षणे ठरलेली असतात. दुपारी बिनतक्रार चालणारे यंत्र सायंकाळी सुरू होताना कण्हते, दिवे क्षणभर मंदावतात आणि फ्यूज जातो. याचे कारण कॉम्प्रेसरच्या स्वभावात आहे. तो स्थिर गतीने चालताना जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या पाच-सहापट प्रवाह सुरू होण्याच्या क्षणी मागतो. शिवाय विजेचा दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर त्याचे सुरुवातीचे बळ दहा नव्हे, जवळजवळ वीस टक्क्यांनी घटते. सायंकाळी साऱ्याच नौकांवरची यंत्रे सुरू होतात, एकाच तारेवर भार येतो, आणि दुबळा कॉम्प्रेसर जागचा हलत नाही.

अशा वेळी व्होल्टमापक लावला जातो. तो 230 व्होल्ट दाखवितो आणि मालक निश्चिंत होतो. फसगत होते ती येथेच. पाण्याच्या नळीत गाळ साचला असला, तरी तोटी बंद असेपर्यंत दाब पुरेपूर भासतो. तोटी सोडल्यावरच धार बारीक झाल्याचे कळते. विजेचेही तसेच आहे. मोजमाप यंत्र चालू असताना झाले पाहिजे, आणि ते तीन ठिकाणी: काठावरच्या खांबाशी, केबल नौकेत शिरते तेथे आणि यंत्राच्या अग्रांशी. खांबाशीच दाब कोसळला, तर दोष धक्क्याच्या पुरवठ्यात. खांबाशी ठीक पण नौकेच्या दाराशी कमी, तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या प्लगांत. तेथेही ठीक असेल, तर नौकेतील जोडण्या तपासाव्यात. जिवंत तारांवरचे हे काम अर्थात जाणत्या वीजतंत्र्याचेच आहे.

तिघांत बहुधा अपराधी ठरतो तो प्लग. खाऱ्या हवेने त्याची पितळी टोके गंजतात. अशा सांध्यात अर्ध्या ओहमचा रोध उत्पन्न झाला आणि त्यातून 10 अँपियर प्रवाह वाहिला, तर दाबातील घट 5 व्होल्टच होते. पण त्या इवल्याशा जागी 50 वॅट उष्णता निर्माण होते. प्लग काळवंडतो, रबर जळाल्याचा वास येतो, आणि पुढची पायरी आगीची असते. जळका प्लग व त्याचे बिळ ही जोडी एकदमच बदलावी लागते, कारण एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. उरलेली केबल वेटोळी घालून ठेवली, तर तिची उष्णता बाहेर पडत नाही. आणि जाणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज बसविणे म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा देणे होय.

दाब सर्वत्र ठीक असूनही यंत्र थांबत असेल, तर नजर पाण्याकडे वळवावी. अनेक सागरी यंत्रे नौकेखालचे पाणी आत ओढून त्याने थंड होतात. गाळणीत शेवाळ किंवा जेलीमासा अडकला, की वायूचा दाब चढतो आणि संरक्षक कळ यंत्र बंद करते. तेव्हा विजेच्या तारा उसकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बंद पडलेले यंत्र दोन-तीन मिनिटांनीच पुन्हा सुरू करावे. आतला दाब तोवर समतोल होतो.

परदेशी पाहुण्यांची अडचण निराळी. कोचीच्या बोळघाटी बेटावर 2010 साली नौकागृह झाले. अशा ठिकाणी 120 व्होल्ट व 60 आवर्तनांवर चालणारी अमेरिकन नौका आली, तर रोहित्र दाब उतरवून देते. आवर्तने मात्र भारतातली 50 च राहतात. मोटर मंदावते व अधिक तापते. यंत्र दोन्ही आवर्तनांसाठी बनविलेले आहे की नाही, हे आधीच पाहणे श्रेयस्कर.

या साऱ्यांत एका तारेला कधीही हात लावू नये, ती भूसंपर्काची. शेजारच्या नौकांशी या तारेतून संबंध जुळल्याने पाण्यातील धातू झिजतो, म्हणून कोणी ती तोडून टाकतात. झीज थांबविण्यास विलगकारी रोहित्रासारखे निर्धोक उपाय आहेत. तार तुटलेली असताना यंत्रातून गळलेली वीज नौकेच्या धातूतून पाण्यात उतरते. गोड्या पाण्यापेक्षा मानवी शरीर विजेला सुगम असते, म्हणून समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हा धोका मोठा. तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याने खारे पाणी अडविलेल्या वेंबनाडच्या दक्षिण भागात हे विशेष लक्षात ठेवावे. अवघा शतांश अँपियर स्नायू ताठरवितो. पोहणारा हाक न मारता बुडतो आणि मागे विजेची खूणही उरत नाही. म्हणून गळती ओळखून क्षणात वीज तोडणारी कळ खांबावर असावी, आणि वीज जोडलेल्या नौकांजवळ कोणीही पोहू नये. खोलीतील गारव्याची किंमत बाहेरच्या जिवाने चुकवावी लागू नये, एवढी दक्षता नौकेच्या धन्याने घ्यावयासच हवी.