गांजाचं तेल, वेदनेचं औषध आणि आपण



बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, बँकेची फेरी हे सगळं बोलून झालं की शेवटी कुणाच्या तरी घरच्या आजारपणाचा विषय निघतोच. अलीकडे आमच्या दोन-तीन गटांत एकच प्रश्न आला, "ताई, कॅन्सरवर गांजाचं तेल चालतं म्हणतात, खरं का?" एका घरी तर गटाच्या कर्जातून बाटली आणली होती. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना तारीख. म्हणून आज यावरच बोलू.

झाड एकच, पण त्याच्या तीन वस्तू. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा गांजा आणि चरस यांना लागू होतो. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग मोकळी आहे असं मात्र समजू नका. आपल्या राज्यात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियम आहेत.

हे झाड आपल्या भागाला नवं नाही. इंग्रजांच्या काळात शेजारच्या खंडव्याकडे सरकारी परवान्याने गांजा पिकत होता. १८९३-९४ मध्ये सरकारने त्याच्या चौकशीसाठी आयोगही नेमला होता. आजही कायद्यात औषधासाठी आणि संशोधनासाठी परवानगीची वाट आहे. पण ती परवानगी सरकार देतं. कुणी घरी आणून दिलेलं बियाणं म्हणजे परवानगी नव्हे.

मग औषध बनतं कसं? जर्मनीत २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते औषधाच्या दुकानात मिळतं. पीक परवान्याने बंदिस्त जागेत घेतात. त्यात नशा आणणारा घटक किती, दुसरा घटक किती, बुरशी आहे का, फवारणीचा अंश आहे का, हे प्रयोगशाळेत तपासतात. अमेरिकेत २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर या झाडातल्या शुद्ध घटकाचं औषध मंजूर झालं. त्यात नशा नाही. आपल्याकडे आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात. तिची औषधं परवाना असलेले कारखाने बनवतात. कायद्याने ती विषारी द्रव्यांच्या यादीत असल्यामुळे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर हवी. सोबत घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. यातलं काही नसेल, तर ती बाटली औषध म्हणून घरात घेऊ नका.

आता कॅन्सरचं. गांजाच्या तेलाने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. केमोनंतरच्या मळमळ-उलटीवर यातल्या घटकांची काही औषधं परदेशात वापरतात, ती गोष्ट वेगळी. तेलाच्या भरवशावर केमो सोडली, तर गेलेले दिवस परत येत नाहीत. चालू गोळ्यांशी तेल जुळेल की नाही, हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कळत नाही.

पण सून किंवा लेक बाटली का आणते? रात्रभर कण्हणारं माणूस तिला पाहवत नाही म्हणून. त्या वेदनेवर कायदेशीर औषध आहे, त्याचं नाव मॉर्फिन. तेही अफूपासूनच बनतं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले शेतकरी केंद्राच्या परवान्याने अफू पिकवतात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे दवाखान्यांनी हे औषध ठेवणंच कमी केलं आणि रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेल्या दवाखान्याला वेगवेगळे परवाने काढावे लागत नाहीत.

म्हणून जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन सरळ विचारा, "पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना कमी करण्याचे उपचार, इथे मिळतात का? मॉर्फिन मिळतं का? नसेल तर कुठे मिळेल, ते लिहून द्या." मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालू असतील, तर तिथे यासाठी स्वतंत्र विभाग आहे. मॉर्फिन म्हणजे शेवटची घटका, असं मुळीच नाही. सांगितलेल्या वेळेला, सांगितलेल्या मात्रेत द्यायचं. पोट घट्ट होतं, त्याचंही औषध सोबत मागून घ्यायचं. उरलेल्या गोळ्या कुलपात ठेवायच्या, शेजारी वाटायच्या नाहीत.

शेवटची गोष्ट शेताची. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कापसात, तुरीत गांजा सापडल्याच्या बातम्या आपण ऐकतो. औषधाला लावला होता, हे उत्तर परवान्याशिवाय कोर्टात चालत नाही. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जमीन जाणूनबुजून त्यासाठी दिली, तरी तीच शिक्षा. आपल्या जमिनीत असं पीक दिसलं, तर लगेच कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. गावात दिसलं, तर सरपंच आणि पंचांचंही आहे. आज कितीतरी सरपंच आपल्याच बाया आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं. सातबारा नावावर आहे म्हणून कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर आधी विचारा, शेतात काय लावणार? आणि प्रकरण अंगावर आलंच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटं याला द्या. गटातल्या कुणाच्या घरी असं दुखणं असेल, तर तिच्यासोबत एक जण दवाखान्यात जाईल असा ठराव करा. कर्जाच्या पैशाने बाटली आणण्यापेक्षा एसटीचं एक तिकीट स्वस्त पडतं.