वुल्फ नदीकाठची एमएसडब्ल्यू



अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वुल्फ नदीच्या काठी मेनोमिनी या मूलनिवासी जमातीचं जंगल आहे. तिथे एका खोलीच्या लाकडी घरात एडा डिअर वाढल्या. घरात ना वीज, ना नळ. जमातीच्या शिष्यवृत्तीच्या आधारावर त्या मॅडिसनच्या विद्यापीठात शिकल्या आणि 1957 मध्ये तिथल्या पहिल्या मेनोमिनी पदवीधर झाल्या. मग न्यूयॉर्क गाठलं. 1961 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्या एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीधर झाल्या.

आणि त्याच साली त्यांची जमात कायद्याच्या लेखी उरली नाही. जमातीची सरकारी मान्यता संपवणाऱ्या 1954 च्या कायद्याचा अंमल तेव्हा सुरू झाला. सरकारने जमातीशी नातं तोडलं, राखीव प्रदेशाचा साधा जिल्हा केला. जमिनीवर कर बसला, इस्पितळ बंद पडलं. सामाईक मालमत्ता एका कंपनीकडे गेली. पुढे पैशांच्या ओढाताणीत तळ्याकाठचे प्लॉट बाहेरच्यांना विकले जाऊ लागले.

समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडेही अनेक मुली घेतात. त्यांना विचारा, पहिला धडा ऐकण्याचा असतो. घरात कोण आजारी आहे, काम कुणाचं सुटलंय, हे शांतपणे ऐकायचं. मग त्यामागे कुठल्या कचेरीचा कुठला निर्णय आहे, याचा माग काढायचा. मेनोमिनींच्या घराघरातून निघालेला माग त्या एका कायद्याशी पोहोचत होता.

1970 मध्ये जमातीच्या लोकांनी या कायद्याविरुद्ध लढण्यासाठी ‘ड्रम्स’ ही संघटना उभी केली. डिअर यांनी याच सुमारास कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. तो त्यांनी सोडला आणि वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवले. हातची पदवी घालवली, असं कुणी म्हणेल. मला मात्र ते आधीच्या शिक्षणाचंच फळ वाटतं. कुठल्या घटकेला कुठे असायला हवं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. 22 डिसेंबर 1973 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी जमातीची मान्यता परत देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि मेनोमिनी पुन्हा जमात म्हणून उभे राहिले.

नंतर त्या जमातीच्या प्रमुख झाल्या, मॅडिसनला अध्यापन केलं. 1993 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन व्यवहार’ खात्याच्या त्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. ज्या खात्याने एकेकाळी मेनोमिनींना वाऱ्यावर सोडलं, त्याच खात्याच्या मान्यताप्राप्त जमातींच्या यादीत त्या वर्षी अलास्कातल्या 200हून अधिक मूलनिवासी गावांची नावं चढली.