समुद्रापलीकडची सहा घरे

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या वतीने झालेले भाषण)



गेल्या भाद्रपदात संस्थेच्या शिक्षणनिधीच्या साहाय्याने आम्ही बारा विद्यार्थी सोळा दिवस मॉरिशस बेटावर राहून आलो. त्या प्रवासाचा वृत्तान्त सांगावा, अशी कार्यवाहांची आज्ञा आहे. स्थळवर्णनात आम्ही शिरत नाही. तेथील निळ्या समुद्राची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेलीच आहेत. परक्या घरी राहून आम्हांस काय दिसले आणि त्यामुळे आपल्या संस्थेपुढे कोणता प्रश्न येऊन ठेपला आहे, तेवढे निवेदन करावयाचे आहे.

परदेशगमनाशी आपल्या या गावाचा एक जुना संबंध आहे. १८८८ मध्ये मोहनदास गांधी शिक्षणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीची सभा भरली. समुद्र ओलांडणे धर्माविरुद्ध आहे असे सांगून ज्ञातीच्या शेटांनी त्यांस बहिष्कृत केले आणि जो त्यांस साहाय्य करील किंवा निरोप देण्यास बंदरावर जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठोठावला. १८९१ मध्ये ते परतले. ज्ञातीतील एका तटाचे समाधान व्हावे म्हणून वडील बंधूंनी त्यांस राजकोटास नेण्यापूर्वी नाशिकला आणले, गोदावरीत स्नान करविले आणि मग राजकोटास ज्ञातिभोजन घातले. दुसरा तट तरीही निवळला नाही. बहिणीच्या आणि सासुरवाडीच्या घरी त्यांस पाणी पिण्याचीही सोय उरली नाही. ही हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रातच नमूद केली आहे. ज्या गोदेत त्यांचा समुद्रगमनाचा दोष धुऊन काढला, तिच्याच काठी आज एक ज्ञातिसंस्था आपल्या मुलामुलींस विमानाचे भाडे देते, याबद्दल आम्ही संस्थेचे मनःपूर्वक आभारी आहोत.

मुलामुलींस असे म्हटले खरे. पण अर्ज नऊ मुलींचे होते आणि आल्या पाचच. चौघींच्या घरून ऐन वेळी नकार आला. त्या चौघी आज या सभागृहात बसल्या आहेत.

आता प्रवासाविषयी. अलीकडे परदेशी सहली पुष्कळ निघतात आणि पॅरिसातही वरणभात आणि पुरणपोळी मिळेल, अशी ग्वाही त्यांच्या जाहिरातींत असते. वृद्ध मंडळींच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. विद्यार्थ्यांनी मात्र आपले स्वयंपाकघर बरोबर घेऊन हिंडू नये, असे आमच्या मार्गदर्शक शिक्षकांचे मत पडले. म्हणून त्यांनी हॉटेल न घेता तेथील मराठी वंशाच्या सहा कुटुंबांत आमची दोघादोघांची वाटणी केली. दर तिसऱ्या दिवशी सर्वांनी एकत्र जमून आपापल्या घरी काय पाहिले ते सांगावयाचे, एवढाच नियम होता. या नियमाचा लाभ मोठा झाला. एका घरातील आजीबाईंची मराठी कोकणी वळणाची आणि अस्सल. दुसऱ्या घरी जेवताना सर्वजण क्रिओल बोलत आणि मराठी ही मुलांस शाळेत शिकावयाची भाषा. एकटा गेलेला प्रवासी यांपैकी एक घर पाहून परतला असता आणि तोच सारा मॉरिशस, असे सांगत राहिला असता.

ही माणसे तेथे कशी पोचली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत तेथे १८३४ मध्ये सुरू झाली आणि पुढील पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडील लोकही होते. आम्ही सहा तासांत काटलेल्या अंतरास त्यांच्या जहाजांना कित्येक आठवडे लागत. पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ते वर आले. तो घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये सुरू झाला. तिकडे हेन्रिएटा या गावी १८९६ मध्ये गणपती बसला. आज गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुटी असते. विसर्जनाच्या आदल्या रात्री यजमानांच्या अंगणात जाखडी झाली. तिला ते झाकरी म्हणतात. कोकणातील हे नृत्य पाहण्यास आम्हां नाशिककरांना हिंदी महासागर ओलांडावा लागला! रस्त्यावर मिळणारी ढोल पुरी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणावी. ती आम्ही रोज खाल्ली.

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची दप्तरे जतन केलेली आहेत. आमच्यापैकी दोघांच्या यजमानांनी आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीची नक्कल काढून आणली होती. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, गाव असे रकाने. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले. ते नेमके कोणते गाव, हे शोधण्यासाठी आम्ही एक संपूर्ण संध्याकाळ ती अक्षरे नाना तऱ्हांनी उच्चारून पाहिली, भ्रमणध्वनीवर नकाशा उघडून सारा रत्नागिरी जिल्हा धुंडाळला. गाव काही सापडले नाही. यजमानांचा चेहरा उतरला. जातीच्या रकान्यात नुसते ‘मराठा’ लिहिले होते. ती जात समजावी की मराठी मुलखाचा माणूस एवढाच त्याचा अर्थ, हे आम्ही त्यांस विचारले. त्यांनी त्या रकान्याकडे प्रथमच नीट पाहिले असावे. त्यांचे आडनावही काही सांगेना. तेथे पूर्वजाचे किंवा त्याच्या बापाचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव झाले. रामजी, बाबाजी अशी आडनावे असल्यावर कुळी कशी लावावी?

मॉरिशसमध्ये जात नाहीशी झाली, असे आमचे म्हणणे नाही. निवडणुका आल्या की तेथेही जातीची गणिते मांडली जातात, असे आम्ही ऐकले. परंतु आम्ही ज्या सहा घरी राहिलो, तेथे आमचे गाव विचारले, आईवडील विचारले, गोड किती चालते तेही विचारले. जात कोणीही विचारली नाही. आपल्या वार्षिकात आडनावे आणि कुलदैवते यांची सूची दरवर्षी छापून येते आणि आम्ही ती आवडीने वाचतो. ती सूची ज्यांस लागू पडत नाही अशा माणसांच्या ताटात आम्ही सोळा दिवस जेवलो.

आता मुख्य मुद्दा. येत्या चैत्रात त्या सहा घरांतील दहा मुलेमुली नाशिकला येत आहेत. त्यांस रामकुंड, पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर पाहावयाचे आहे; त्याहून अधिक, मराठी घरात राहावयाचे आहे. संस्थेच्या छात्रालयातील पाहुण्यांच्या खोल्या केवळ ज्ञातिबांधवांसाठी असून अर्जात ज्ञाति, पोटज्ञाति व कुलदैवत हे तीन रकाने भरल्यावाचून खोली मिळत नाही. हे रकाने ती मुले भरू शकणार नाहीत. त्यांच्या वतीने खोटे भरावयाचे नाही, हे आम्ही आपसांत ठरविले आहे. पाहुण्यांपुरते हे रकाने काढून टाकावेत, असा आमचा लेखी ठराव कार्यवाहांकडे दिला असून तो आजच्या विषयपत्रिकेत सातवा आहे. त्यावर वडीलधाऱ्या मंडळींनी मोकळेपणाने बोलावे. विरोध असल्यास तोही आमच्या समोर बोलावा.

ठराव संमत होवो अथवा न होवो, मुले येणार आहेत. एका घरी दोघे याप्रमाणे पाच घरे हवीत. तिघांनी होकार कळविला आहे. पाहुण्यांपैकी चौघे मासे खातात, हे आधीच सांगितलेले बरे. उरलेल्या दोन घरांची नावे भोजनास बसण्यापूर्वी आमच्याकडे द्यावीत, ही विनंती.