व्यापाऱ्यांची संकेतस्थळे आणि दिव्यांग ग्राहक
(ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आज येथे जमलेल्या मंडळींत दुकानदारी, अडत अथवा लहानमोठे कारखाने यांवर ज्यांचा चरितार्थ चालतो अशांचाच भरणा अधिक आहे. तेव्हा विषयही व्यापाराचाच असावा असे चिटणीसांनी सुचविले व आम्ही ते आनंदाने मान्य केले. मात्र भाव, कर वा पतपुरवठा यांविषयी आम्ही आज बोलणार नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली आणि तेव्हापासून आपल्यापैकी पुष्कळांनी इंटरनेटवर आपले दुसरे दुकान थाटले. त्या दुकानाच्या दारात कोण अडून राहतो, एवढाच आमचा विषय आहे.

हळद पारखण्याची जुनी रीत सांगलीकरांस सांगावयास नको. हळकुंड हातात घ्यावयाचे आणि मोडावयाचे; नीट वाळलेले असेल तर ते खणखणीत वाजते. साताऱ्याचा कंदी पेढा आणि तासगावचा बेदाणा यांची परीक्षा बोटांनी व जिभेने होते, आणि मिरजेचा तंबोरा तर कानानेच घ्यावा लागतो. म्हणजे ज्यास दृष्टी नाही असा मनुष्यही या बाजारात डोळस गिऱ्हाइकाच्या बरोबरीने उभा राहू शकतो. किंबहुना हात व कान अधिक तयार असल्यामुळे त्याला फसविणे थोडे कठीणच. तोच मनुष्य त्याच पेढीच्या संकेतस्थळावर गेला, तर त्याच्या वाट्यास काय येते?

अंध मनुष्य मोबाइल वापरतो कसा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी योजना आता फोनातच असते. अँड्रॉइड फोनात तिला टॉकबॅक म्हणतात आणि तिच्यासाठी निराळा पैसा पडत नाही. संगणकासाठी एनव्हीडीए नावाची अशीच योजना ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघा अंध तरुणांनी २००६ पासून उभी केली, आणि तीही विनामूल्य आहे. या योजना मराठीही वाचतात. उच्चार थोडा यांत्रिक वाटतो, परंतु कानास सवय झाली की मनुष्य आपण वाचतो त्याहून वेगाने ऐकू लागतो.

आता असा मनुष्य आपल्या पेढीच्या पानावर आला आहे असे समजा. आपल्याकडील कित्येक पाने म्हणजे एक भले मोठे रंगीत चित्र असते. त्यावर पेढीचे नाव, मालाचे प्रकार, भाव आणि पत्ता हे सारे चित्रातच रंगविलेले असते. डोळ्यांना ती अक्षरे दिसतात, वाचणाऱ्या यंत्रास मात्र ते केवळ एक चित्र असते. ते ‘इमेज’ एवढाच शब्द उच्चारते आणि गप्प बसते. काही नव्या फोनांत चित्रातील अक्षरे ओळखण्याची सोय आली आहे हे खरे, परंतु नक्षीदार मराठी अक्षरांपुढे तिचा भरवसा धरता येत नाही.

दुसरा प्रकार आपल्या छापखानेवाल्या बांधवांस चटकन कळेल. युनिकोड येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टांत केलेली दरपत्रके आजही जशीच्या तशी संकेतस्थळावर चढविली जातात. त्या फॉन्टांत वर मराठी वळण दिसत असले, तरी पोटात इंग्रजी अक्षरे व चिन्हे असतात. यंत्र पोटातले वाचते. ‘हळद’ या शब्दाच्या जागी ऐकणाऱ्यास निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू येते. अशा दरपत्रकात आपला शब्द कोणी शोधू गेले तर तोही सापडत नाही, म्हणजे डोळस गिऱ्हाइकाचेही नुकसान आहेच.

यावरचा उपाय मुळीच खर्चाचा नाही. मजकूर युनिकोड मराठीत, अक्षरे म्हणूनच टंकलिखित करावा. चित्र हवेच असेल तर त्याच्यामागे वर्णनाचे एक वाक्य जोडण्याची सोय असते. तेथे ‘चित्र १’ असे न लिहिता ‘राजापुरी हळकुंड, एक किलोची पिशवी’ असे लिहावे. पानाची भाषा मराठी आहे अशी खूण पानाच्या आरंभी करून ठेवावी, नाही तर यंत्र मराठी मजकूर परक्या भाषेच्या आवाजात वाचू पाहते.

परंतु खरी कोंडी पैसे देण्याच्या वेळी होते. तेथील बटनांना नावेच दिलेली नसतात. यंत्र ‘बटन, बटन, बटन’ एवढेच म्हणत राहते. त्यापुढे वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहिण्यास सांगणारा चौकोन येतो, आणि तो तर अंधांसाठी भिंतच होय. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. जन्मभर ज्यांनी आपला जमाखर्च स्वतः लिहिला, त्यांना आज औषधे मागविताना फोन शेजारच्या मुलाच्या हाती द्यावा लागतो, फोनावर आलेला गुप्त अंकही त्यालाच वाचावयास सांगावा लागतो, आणि आपणांस कोणता विकार आहे हे त्या मुलास आपोआप कळते. मुलगा सज्जन आहे म्हणून निभावते. तथापि स्वतःच्या पैशाचे व्यवहार स्वतः करण्याचा त्यांचा अधिकार ज्या पानाने काढून घेतला, त्या पानाच्या मालकास याची वार्ताही नाही.

अंधांविषयी आम्ही अधिक बोललो, कारण त्यांची अडवणूक पुरती असते. परंतु अडणारे तेवढेच नव्हेत. ‘चौकशीसाठी फोन करा’ एवढेच लिहिलेले पान कर्णबधिर मनुष्यास काय उपयोगाचे? त्याच्यासाठी लेखी संदेशाचा क्रमांक आणि ईमेल द्यावा, मालाच्या चित्रफितीखाली बोललेले शब्द अक्षरांत द्यावेत. ज्याचा हात थरथरतो त्याला बारीक बटन दाबता येत नाही. आणि आपल्या हळदवाल्या बांधवांस पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांचा जो मोह पडतो, त्यापायी मोतीबिंदू झालेल्या वडीलधाऱ्यांस काहीच दिसत नाही. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ पासून या विषयाचे जागतिक नियम घालून दिले आहेत व २०२३ साली त्यांची नवी आवृत्ती निघाली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण साधारणतः किमान साडेचारास एक असावे, असे ते नियम सांगतात. हळदीचा पिवळा रंग पांढऱ्यावर या कसोटीस उतरत नाही. पिवळा कागद व काळे अक्षर मात्र उत्तम.

अशी गिऱ्हाइके कितीशी असणार, असे विचारणाऱ्यांस आम्ही २०११ ची जनगणना दाखवितो. तीत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. वार्धक्याने ज्यांची दृष्टी वा श्रवण मंदावले आहे, परंतु जे स्वतःस दिव्यांग म्हणवून घेत नाहीत, अशांपैकी कित्येक यात आलेलेच नाहीत.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि सेवा देणारा खासगी असला तरी तो त्यातून सुटत नाही. पहिल्या उल्लंघनास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुढील प्रत्येक उल्लंघनास तो पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत जातो. हे नियम केवळ शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरविले. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, इंटरनेटवरील सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असे त्याच न्यायालयाने म्हटले. ते गाऱ्हाणे ॲसिडहल्ल्यातून बचावलेल्या व्यक्तींचे आणि एका अंध अर्जदाराचे होते. ओळख पटविण्यासाठी फोनासमोर पापणी लववून दाखवा, असे ज्यांना सांगितले जात होते, त्यांच्यापैकी काहींना पापणी लवविताच येत नव्हती. यंत्र बांधताना अशीही माणसे असतात हे कोणाच्याच ध्यानी आले नव्हते.

या धाकाचा लाभ उठविणारे विक्रेतेही लवकरच आपल्या दारी येतील. एक ओळ चिकटवा की आपले संकेतस्थळ सर्वांना सुलभ, असे ते सांगतील. असल्याच दाव्यांपायी अमेरिकेत एका कंपनीस २०२५ साली दहा लाख डॉलर भरावे लागले आहेत. मुळात मजकूरच चित्रात असेल तर वरून चिकटविलेली ओळ तो कोठून आणणार?

त्यापेक्षा घरीच परीक्षा करावी. संगणकाचा माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाच्या टॅब कळीने आपल्या पानावर मागणी नोंदवून पाहावी. मग फोनात टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, एक किलो हळद विकत घेऊन पाहावी. पैसे देण्यापर्यंत पोहोचता आले नाही तर कोठे अडलो ते टिपून ठेवावे. तो कागद संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या हाती द्यावा. नवे काम देत असाल तर डब्ल्यूथ्रीसीचे नियम आणि आयएस १७८०२ हे भारतीय मानक यांचा उल्लेख करारातच करावा, आणि एखाद्या अंध गृहस्थाने स्वतः मागणी नोंदवून दाखविल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. त्या गृहस्थास त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, कारण ते परीक्षकाचे काम आहे, उपकार नव्हे.

ज्यांना आपले पान आजच तपासून पाहावयाचे असेल त्यांनी भोजनोत्तर मंडपाच्या उजव्या बाजूस यावे. आम्ही फोन घेऊन तेथे बसणार आहोत.