कपातीची यादी आणि न्यायाचा निकष



नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रमिक जीवन साखर कारखाने, औद्योगिक वसाहत आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाचे मळे यांच्या आधाराने वाढले. अशा ठिकाणी एका माणसाची नोकरी जाते, तेव्हा एका कुटुंबाची घडी विस्कटते. उद्योग अडचणीत आला तर कामगार कपात अटळ ठरू शकते. परंतु कपात कोणाची, हे ठरवताना मर्जी शिरली की अटळतेचे रूपांतर अन्यायात होते.

यावर १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात एक साधे सूत्र आले : त्या त्या श्रेणीत जो शेवटी आला, त्याने साधारणतः आधी जावे. अपवाद करायचा तर मालकाने कारण लेखी नोंदवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे सूत्र कायम ठेवले आहे.

यावर आक्षेप असा की, तरुण व कुशल कामगार जातो आणि कामचुकार राहतो. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु बेशिस्तीसाठी आरोपपत्र आणि चौकशीचा स्वतंत्र मार्ग आहे. तो टाळून कपातीच्या आडून हिशेब चुकते करणे न्याय्य नव्हे. विशेष कौशल्य खरोखरच अनिवार्य असेल, तर ते कागदावर सिद्ध करण्यास संकोच कशाचा?

खरी मेख श्रेणी ठरवण्यात असते. नको असलेल्या माणसापुरती श्रेणी आखली, की ज्येष्ठता निरर्थक ठरते. म्हणूनच राज्याच्या १९५७ च्या नियमांत ज्येष्ठतेची यादी किमान सात दिवस आधी फलकावर लावण्याचे बंधन होते. ते सात दिवस म्हणजे चूक दाखवण्याची कामगाराची संधी.

वर्षभर सलग सेवा झालेल्यास एक महिन्याची नोटीस अथवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, ही किमान भरपाई आहे. पुन्हा भरती निघाल्यास कमी केलेल्यांना प्राधान्य मिळते. जुन्या कायद्यात त्याला मुदत नव्हती. नव्या संहितेत ती एक वर्षाची आहे. म्हणून कामगारांनी आपला पत्ता कारखान्यात नोंदवून ठेवावा आणि प्रतिनिधींनी भरतीवर लक्ष ठेवावे.

यादी सर्वांसमोर वाचता आली पाहिजे. जी यादी लपवावी लागते, तिच्या न्याय्यतेविषयी शंका घेण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला आहे.